तुमची ती सवलत, आमची ती रेवडी?

'करदात्यांच्या पैशावर फुकट उपचार किती दिवस?' हे वाक्य आता फक्त सवर्ण सोसायट्यांतून येत नाही. आपल्याच पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. घरातली पहिली पदवी, पहिली पगाराची स्लिप, कंपनीचं मेडिक्लेम कार्ड. आणि लगेच सरकारी आरोग्य योजना खर्चिक वाटू लागते. मीही माझ्या घरातली पहिली पदवीधर. म्हणून हे भांडण मला आपल्याच माणसांशी करायचं आहे.

आधी 'फुकट' कशाला म्हणायचं ते ठरवू. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. जुन्या करप्रणालीत याच हप्त्यावर आयकरात वजावट मिळते. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९५४ पासून सीजीएचएस आहे. हे सगळं सरकारी तिजोरीतूनच जातं. त्याला कुणी रेवडी म्हणालं? त्याचं नाव सवलत. घेणारा बदलला की शब्द बदलतो. आणि करदाते म्हणजे कोण? धुणंभांडी करणारी बाई मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरते. तीही करदातीच.

आता ज्यांचं कापा म्हणता, त्यांची यादी वाचा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेनं शहरातले लाभार्थी धंद्यावरून ठरवले: कचरा वेचणारे, घरकामगार, सफाई कामगार, फेरीवाले, रस्त्यावर बसून चपला शिवणारे, बांधकाम मजूर. ग्रामीण भागात अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब असणं हाच एक निकष. ही यादी वाचताना गावकुसाबाहेरची वस्ती डोळ्यांपुढे उभी राहत नसेल, तर पदवीनं आपल्याला काय शिकवलं?

'पण गैरवापर होतो.' होतो. कॅगच्या २०२३ च्या अहवालात ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले सापडले. ती नोंद कचरावेचक बाईनं केली होती का? घोळ संगणकापुढे बसलेल्यांचा, आणि शिक्षा म्हणून कार्ड रद्द करायचं वस्तीचं?

'सरकारला परवडत नाही.' २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सार्वजनिक आरोग्यावर जीडीपीच्या २.५ टक्के खर्चाचं उद्दिष्ट ठेवलं. २०२१-२२ मध्ये तो खर्च होता १.८४ टक्के. त्याच वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी खिशातून भरले. कापायला अंगावर मांस तर हवं! त्यात आयुष्मान कार्ड भरती झाल्यावरच कामाला येतं. ओपीडीचा खर्च, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात नाहीत.

रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये बजावलं: वेळेवर उपचार हा कलम २१ चा भाग आहे, पैसे नाहीत ही सबब राज्याला चालणार नाही. संविधानाचा फोटो डीपीला लावणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

कंपनीचं कार्ड नोकरी असेपर्यंतच असतं. गावाकडचे काका, मावशी त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी दवाखानाच आहे. म्हणून आपली मागणी कपात थोडी कमी करा अशी असू शकत नाही. दवाखाना वाढवा, डॉक्टर भरा, गोळ्या द्या. हक्कानं मागा. आपण कुणाच्या दारात उभे नाही.