पुंगळी आणि परीक्षण

गेल्या वर्षी एका कादंबरीवर लिहिताना आम्ही तिच्यातील एका प्रसंगाची विशेष वाखाणणी केली होती. वाड्याच्या चौकात गावचा पुढारी रिव्हॉल्वर झाडतो, रिकामी पुंगळी फरशीवर खणकन पडते आणि तो खणखणाट पुढली चार पाने नायकाच्या कानांत घुमत राहतो. जिवंत तपशील कसा असावा याचा हा नमुना आहे, असे आम्ही लिहून मोकळे झालो. परीक्षण छापून आल्यावर आठवड्याभराने एम. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. मुलगी तासगावकडची, वर्गात फारसे न बोलणारी. म्हणाली, "सर, रिव्हॉल्वरची पुंगळी पडत नाही. ती चक्रातच राहते, नंतर हातानं काढावी लागते. पडते ती पिस्तुलाची."

शिक्षकी पेशात इतकी वर्षे काढल्यावर अशा वेळी बचाव आपोआप सुचतो. आम्हांला अ‍ॅरिस्टॉटल आठवला. काव्यशास्त्राच्या पंचविसाव्या प्रकरणात तो दोषांचे दोन प्रकार करतो : एक कलेच्या गाभ्याशी असलेला, दुसरा केवळ आनुषंगिक. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा लहान दोष, तिचे चित्रच बेंगरूळ काढणे हा मोठा. पुंगळी ही हरिणीची शिंगे आहेत, असे आम्ही तिला ऐकवले. तिने मान डोलावली आणि जाता जाता विचारले, "पण सर, तुम्ही तर शिंगांचंच कौतुक केलं होतं ना?"

याला उत्तर नव्हते, आजही नाही. कादंबरीकाराचा दोष आनुषंगिक असेल, पण आमचा तसा नव्हता. तपशील खरा आहे की नाही हे न पाहता त्याच्या खरेपणाचे प्रशस्तिपत्र देणे हा समीक्षकाच्या धंद्याच्या गाभ्याशी असलेला दोष आहे.

ही मुलगी २५ मीटर पिस्तूल या प्रकारात नेमबाजी करते, हे आम्हांला तेव्हा कळले. शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात शूट-ऑफपर्यंत ताणलेल्या अंतिम फेरीत सुवर्णपदक घेतले, तेव्हा ही शाळेत होती आणि तिथून तिला हा नाद लागला. साताऱ्यात कोणी नेमबाजी सोडत होते आणि त्यांची दोन पिस्तुले विकाऊ होती. ती पाहायला ती वडिलांसोबत निघाली होती. "सर, परीक्षण कसं करतात ते बघायला चला," असे ती म्हणाली. खोच होती की नव्हती, कोण जाणे. आम्ही गेलो.

वाचकांपैकी बहुतेकांनी स्पर्धेचे पिस्तूल हातात घेतलेले नसणार, म्हणून थोडे वर्णन. सिनेमातल्या पिस्तुलाशी त्याचे नाते लांबचे आहे. पॉइंट २२ व्यासाची बारीक गोळी, पाच गोळ्यांचे मॅगझीन. प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकून नवी गोळी आपोआप आत चढते, पण चाप मात्र दर गोळीला नव्याने दाबावा लागतो. म्हणून ते अर्धस्वयंचलित. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, हाताच्या ठशासारखी खोलगट, खाली तळव्याच्या कडेला टेकणारी सरकती फळी. आंतरराष्ट्रीय नियमांनी त्याचे सारे देहमान बांधून टाकले आहे : वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक नको, सबंध पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे आणि चापाला किमान १००० ग्रॅमचा भार सोसला पाहिजे. स्पर्धेआधी चापाला खरोखरच एक किलोचे वजन टांगून पाहतात. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला जेवढी मोकळीक असते, तेवढीच या पिस्तुलाच्या कारागिराला आहे. एक पिस्तूल इटलीतले होते, दुसरे जर्मनीतले. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, हा लेख म्हणजे खरेदीचा सल्ला नव्हे.

डोंगराच्या पोटाशी मातीचा बांध घातलेली छोटीशी रेंज. तिथे एक निवृत्त सुभेदार देखरेखीला होते. आमची अपेक्षा अशी की मुलगी आता पटापट गोळ्या झाडील आणि कुठल्या पिस्तुलाचे गुण जास्त होतात ते पाहील. पहिला पाऊण तास तिने एकही गोळी झाडली नाही. आधी मॅगझीन काढून, खाली नळी रिकामी आहे याची खात्री स्वतः केली, मग सुभेदारांना करायला लावली. नंतर पिस्तूल मुठीत घेऊन डोळे मिटले, हात खाली नेला, तसाच डोळे मिटून वर आणला आणि मग डोळे उघडले. असे वीसेक वेळा. आम्ही सुभेदारांकडे पाहिले.

"डोळं झाकून हात वर आला न् उघडल्यावर पुढची माशी मागच्या खाचंत बरूबर बसली, तर मूठ तिच्या हाताची," ते म्हणाले. "उघड्या डोळ्यानं मानूस सगळं जुळवून घेतंय, सर. मग खोट दिसत न्हाई."

हे वाक्य आम्ही त्याच दिवशी वहीत टिपून ठेवले. प्रसिद्ध लेखकाचे पुस्तक हाती आले की आम्ही उघड्या डोळ्यांनी वाचतो. नाव ठाऊक असते, आधीची पुस्तके ठाऊक असतात, पुरस्कार ठाऊक असतात आणि जिथे मजकूर हुकतो तिथे आमचेच मन सरसावून माशी खाचेत बसवते.

इटालियन पिस्तूल डोळे मिटून अचूक वर येत होते. जर्मन पिस्तुलाची माशी दरवेळी किंचित डावीकडे दिसे, कारण त्याची मूठ मोठ्या हाताची होती. मग चाप. चाप 'ओढणे' हा शब्द आपण कथाकादंबऱ्यांत सर्रास वापरतो; इथे तो ओढत नाहीत, बोटाच्या पेराने सरळ मागे दाबत नेतात. त्याला दोन टप्पे असतात. पहिला मोकळा, दुसऱ्याच्या दाराशी बोट थांबते आणि तिथून पुढे भार वाढत जाऊन घोडा सुटतो. तो सुटताना बोटाला काहीही घसरल्याचे, खरखरल्याचे जाणवता कामा नये. तिने कोरडे बार करून दोन्ही चाप पाहिले. या वेळी तिला जर्मन आवडले. काच तडकावी तसे सुटते, म्हणाली.

मग गोळ्या. पाच-पाचचे गट, दर गटाला नवा कागद. अचूकतेच्या फेरीतल्या लक्ष्यावर १०चे वर्तुळ अवघे ५ सेंटीमीटरचे असते आणि ते २५ मीटरवरून एका हाताने, आधाराविना साधायचे असते. जर्मन पिस्तुलाच्या पाचही गोळ्या ८च्या वर्तुळात, डाव्या अंगाला, एकमेकींना खेटून बसल्या. इटालियनच्या दोन १०मध्ये, दोन ९मध्ये आणि एक भलतीकडेच ७मध्ये. बेरीज केली तर इटालियन पुढे, ४५ विरुद्ध ४०. आम्ही तसे बोलूनही दाखवले. वडील आणि मुलगी दोघेही हसले. खेटून बसलेला गट लक्ष्यापासून दूर असला तरी त्याची तक्रार स्क्रू फिरवून मिटते, विखुरलेल्या गटाला मात्र स्क्रू नसतो. तिथे आधी शोधायचे की दोष हाताचा, पिस्तुलाचा की गोळीचा. म्हणून तिने तेच पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून पुन्हा पाच गोळ्या झाडल्या, मग वेगळ्या खोक्यातल्या पाच.

आमच्या मते आजच्या मराठी ग्रंथपरीक्षणाचे दुखणे नेमके इथे आहे. आम्ही बेरीज करतो. दोन कविता १०मध्ये लागल्या, तीन ९मध्ये, म्हणजे संग्रह 'वाचनीय आणि संग्राह्य'. पहिल्याच पुस्तकात सगळ्या कथा एकाच जागी, पण चुकीच्या जागी लावणारा लेखक आमच्या लेखी नापास होतो. त्याचा हात स्थिर आहे आणि नजर तेवढी एका रेघेने हलवायची आहे, हे त्याला सांगणारा समीक्षक त्याला भेटत नाही. आणि सुटी सुटी चमकदार वाक्ये चहूकडे उधळणाऱ्याला आम्ही आश्वासक म्हणतो.

दुपारनंतर त्यातल्या एका पिस्तुलात पुंगळी अडकली. मुलीने बोट चापावरून काढले, नळी बांधाकडेच ठेवली आणि दुसरा हात वर केला. स्पर्धेच्या नियमांत बिघाडाचे दोन वर्ग आहेत. गोळी चढली, चाप दाबला आणि तरीही बार झाला नाही, तर तो मान्य बिघाड. ती मालिका पुन्हा मिळू शकते. पिस्तूल भरायलाच विसरलात, किंवा पंचांनी तपासण्याआधी स्वतःच खाटखूट केली, तर अमान्य. दोष कुणाचा हे ठरेपर्यंत पिस्तुलाला हात लावायचा नाही! २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तेव्हा हाताचा आणि हत्याराचा दोष वेगळा करण्याइतका धीर आपल्याकडे फार थोड्यांनी दाखवला. २०२४मध्ये पॅरिसला तिने दोन ब्राँझ पदके घेतली, तेव्हा तेच लोक टाळ्या वाजवायला पुढे होते.

इथवर वाचून काही वाचक अस्वस्थ झाले असतील, आणि ते रास्त आहे. आम्ही स्वतः झालो होतो. ज्या जिल्ह्यांत वाढदिवसाच्या रीलमध्ये गावठी कट्टा मिरवणारी पोरे पोलीस ठाण्यात जाऊन बसतात, तिथल्या मराठीच्या अध्यापकाने पिस्तुलाच्या चापाचे रसग्रहण करावे काय? पॉइंट २२ची गोळी बारीक असली तरी माणूस मारू शकते, हे सुभेदारांनी आम्हांला न विचारता सांगितले. या मातीत पिस्तुलाचा दुसराही इतिहास आहे. १९४३च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी अडवणाऱ्या तुफान सेनेच्या तरुणांकडे शस्त्रे तुटपुंजी होती, आणि त्या काळावरचे आमच्याकडचे लेखन बव्हंशी शौर्याचे आहे. शस्त्र हाताळण्याचे नाही. उलट टोकाला माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. बंदूक घेऊन रानात हिंडलेला हा लेखक पुढे दुर्बीण आणि रेखाटनाची वही घेऊन हिंडला. त्यांच्या रानाच्या लेखनात जे बारीक, संयमी पाहणे आहे, त्यातले काही नेम धरण्याच्या सवयीतून आले असावे, असा आमचा तर्क आहे. तो सिद्ध करता येणार नाही.

भाषेकडे पाहिले तर पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले आणि घरचे झाले. 'हत्यार' हा शब्द मात्र अधिक बोलका आहे. सुताराचा रंधाही हत्यारच आणि गवंड्याची थापीही. खंडेनवमीला आमच्याकडे तलवारीपासून पान्यापर्यंत सगळ्यांना एकाच पाटावर हळदकुंकू लागते. या मुलीच्या वडिलांचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती आपली एअर पिस्तुलाची पेटी त्यांच्या पान्यांच्या रांगेत ठेवते. यात हिंसेचे उदात्तीकरण आहे असे आम्हांला वाटत नाही. ज्याच्यावर आपले काम अवलंबून आहे, त्याची नीट ओळख करून घेण्याची ती रीत आहे.

ही ओळख मराठी गद्यात एकेकाळी होती, आणि याच परिसरात होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात, लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती. ती केवळ जाहिरातीने गेली नाही. नांगर काय करतो हे साध्या मराठीत पुन्हा पुन्हा सांगावे लागले. त्याच किर्लोस्करवाडीतून १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याचे ते पत्रक पुढे मराठीतले एक मोठे वाङ्मयीन मासिक झाले. यंत्राची वाखाणणी आणि कथेची वाखाणणी एकाच टाक्यात शिवलेली होती. पुढे आम्ही वाङ्मयाचा टाका उसवून वेगळा केला. वस्तूंचे लेखन माहितीपुस्तिकांकडे गेले, आणि कादंबरीत वस्तू उरल्या त्या प्रतीक म्हणून. प्रतीकाची पुंगळी कुठेही पडली तरी चालते, असे आम्ही समजू लागलो.

उपमेला मर्यादा आहेत, त्या लपवीत नाही. पिस्तुलापुढे वर्तुळे आखलेला कागद असतो. कवितेपुढे नसतो, आणि कुणी आखून दिला तर चांगली कविता तो फाडते. स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत दर गोळीला तीन सेकंद मिळतात, कवितेला अशी मुदत नाही. पण मुठीत बसणे, चापाचे सुटणे, गटाचे खेटून असणे या गोष्टी कागदावरच्या वर्तुळांआधीच्या आहेत. त्या पाहण्यासाठी लक्ष्य आखावे लागत नाही.

संध्याकाळी आम्ही विचारले, मग कुठले घेणार? तिने वहीत दोन्ही पिस्तुलांपुढे एकच शब्द लिहिला होता : पुन्हा. जर्मनची मूठ कानशीने घासून हाताजोगी होईल का, आणि इटालियनची ती भरकटलेली गोळी कुणाची, हे कळेपर्यंत निर्णय नाही. सुभेदारांना त्यात काहीच वावगे वाटले नाही. "पुढल्या रविवारी ये पोरी, तुझी सवयीची गोळी घेऊन ये," म्हणाले. त्याच आठवड्यात एका प्रकाशकाने पाठवलेल्या साडेतीनशे पानी हस्तलिखितावर आम्ही दोन रात्रींत अभिप्राय दिलेला होता.

कऱ्हाडला चहाला थांबलो, तेव्हा परीक्षणातली चूक दुरुस्त करणारे चार ओळींचे पत्र लिहून मासिकाला पाठवले. संपादकांचा फोन आला. "अहो, पुंगळी पडली काय नि न पडली काय, कोण बघतंय?" आम्ही त्यांना सांगितले, एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बघते. पत्र अजून छापून आलेले नाही, म्हणून दुरुस्ती इथे नोंदवीत आहोत : रिव्हॉल्वरची पुंगळी चक्रातच राहते.