वेग लपविण्याची किंमत

पुणे-बंगळूर महामार्ग खंबाटकी ओलांडून सातारा, कऱ्हाडमार्गे सांगली जिल्ह्यातील पेठनाक्याकडे जातो. अशा मार्गावर वेग मोजणारी पोलिसांची लेझर स्पीडगन वाहनावर अदृश्य अवरक्त किरणांचे स्पंद सोडते. ते परतण्यास लागणाऱ्या वेळेतील फरकावरून वेग ठरतो. ‘जॅमर’ हे स्पंद ओळखून तशाच किरणांचा उलट मारा करतो आणि स्पीडगन निरुत्तर होते.

मोटार वाहन कायद्यात या उपकरणाचे नाव नाही; परंतु कायद्याचे मौन म्हणजे परवाना नव्हे. लोकसेवकाच्या कर्तव्यात हेतुपुरस्सर अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ अन्वये गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद वा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

गुन्ह्याला आळा केवळ दंडाच्या रकमेने बसत नाही, पकडले जाण्याच्या शक्यतेनेही बसतो, हे अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडले. जॅमरवाला ही शक्यताच पैशाने पुसून टाकतो. वेग ताशी ७० वरून १०० किलोमीटर झाला की धडकेची ऊर्जा दुप्पट होते. तिची किंमत मात्र रस्ता ओलांडणारा पादचारी मोजतो.

पोलिसांनी वेगमर्यादेचे फलक ठळक लावावेत, यंत्रे वेळोवेळी तपासावीत, हे रास्तच. पण कायद्यानेही आता जॅमरचे नाव घेऊन बंदी घालावी.