ज्ञानाच्या वाटेवरील जकातनाका

केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस मंजुरी दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी सुमारे 6,000 कोटी रुपये मोजून 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 संशोधनपर नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था यांना संगणकावर खुली करण्याची ही योजना आहे. ज्या सरकारी महाविद्यालयाला एका नियतकालिकाची वर्गणीही परवडत नव्हती, त्याला हा लाभ मोठाच म्हटला पाहिजे.

परंतु जे या चौकटीबाहेर राहिले, त्यांचे काय? खाजगी महाविद्यालयातील गरीब विद्यार्थी, शेतीमालाच्या भावांचा अभ्यास करणारा कार्यकर्ता, सिलिकोसिसवरील निबंध शोधणारा खाणकामगारांचा प्रतिनिधी यांना मंजूर योजनेत स्थान नाही. निबंध एकच, पण सभासदाला तो पूर्ण मिळतो, बिगरसभासदाला केवळ सारांश. ही ज्ञानाची नवी वर्णव्यवस्थाच होय.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र तपासण्यासारखे आहे. संशोधनाचा खर्च बहुधा सरकारी तिजोरीतून होतो. निबंधाबद्दल लेखकाला सहसा मानधन नसते. तो तपासणारे प्राध्यापकही बहुधा विनामूल्य तपासतात. हक्क मात्र प्रकाशकाच्या नावे होतात आणि तोच माल विद्यापीठांना विकत घ्यावा लागतो. जनता एकाच वस्तूची किंमत दोनदा मोजते. शिवाय ज्ञान धान्यासारखे नव्हे. एकाने वाचल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही. येथील टंचाई निसर्गाची नसून कुलुपाची आहे.

संपादनाला व छपाईला खर्च येतो, हे खरे. समाजवादी साप्ताहिकेही वर्गणीवरच जगतात. पण त्यांचा अंक एकाने घेतला की चावडीवर दहाजण वाचतात. संगणकावरील कुलूप नेमके हे हातोहात देणेच बंद करते.

याला पर्याय नाही असे नव्हे. ब्राझीलमध्ये 1997 साली सार्वजनिक पैशाने सुरू झालेल्या ‘सायेलो’ने नियतकालिके सर्वांना मोफत वाचावयास दिली. आपल्याकडेही सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांची चळवळ उभारली, तेव्हा ग्रंथ हा प्रजेचा हक्क मानला गेला. संस्थानिकाला जे उमगले, ते लोकशाही सरकारला उमगू नये काय?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा प्रत्येक निबंध प्रसिद्ध होताच सर्वांना खुला असला पाहिजे, ही अट अनुदान देतानाच घातली जावी. तोवर निदान 1967 च्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांतून ही नियतकालिके कोणाही वाचकाला मिळावीत. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या ग्रंथालयाकडून तसे ठराव करून घ्यावेत. जकात सामुदायिकरीत्या भरणे ही सोय झाली. नाका उठविणे हे समाजवादी धोरण होय.