३४ जागा आणि दारावरची गर्दी: अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये इतक्या मुलांना डच्चू का मिळतोय?

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला बेसबॉलचा सराव थांबतो. मग कोच एकेका खेळाडूला केबिनमध्ये बोलावतात. कुणाला सांगतात, फलंदाजीवर काम कर. कुणाला सांगतात, वजन वाढव. आणि काही जणांना सांगतात, फेब्रुवारीच्या संघात तुला जागा नाही.

असं आधीही व्हायचं. पण २०२५ पासून हे 'काही जण' बरेच वाढले आहेत, आणि त्यावरून सोशल मीडियावर कोच मंडळींना भरपूर शिव्या पडतायत. दोन-तीन वर्षं मुलाच्या मागे लागून त्याला आणलं आणि चार महिन्यांत बाहेर काढलं, असा पालकांचा राग आहे. दुसरी बाजू म्हणते, हा खेळ आहे, धर्मादाय संस्था नाही.

या भांडणात कोर्टाने मंजूर केलेला एक करार, कोट्यवधी डॉलर आणि एक साधी वजाबाकी आहे. कोचची चूक कुठे सुरू होते, हे कळायला आधी ती वजाबाकी बघावी लागते.

आधी थोडी ओळख

आपल्याकडे कॉलेजचा क्रिकेट संघ म्हटलं की इंटर-कॉलेज सामने आणि फार तर विद्यापीठाची टोपी. अमेरिकेत प्रकरण वेगळं आहे. एनसीएए ही कॉलेज खेळांची सर्वोच्च संस्था आणि 'डिव्हिजन वन' हा तिचा सर्वात वरचा स्तर. या स्तरावर सुमारे ३०० विद्यापीठांचे बेसबॉल संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून सामने सुरू होतात, ६४ संघ बाद फेरीत जातात आणि शेवटचे आठ संघ जूनमध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात विजेतेपदासाठी खेळतात. सामने टीव्हीवर दिसतात, मैदानं भरतात. मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे या खेळाच्या आयपीएलमध्ये म्हणा, पोहोचण्याचा हा एक मोठा रस्ता आहे.

टेनेसी विद्यापीठाने २०२४ चं विजेतेपद जिंकल्यावर कोच टोनी व्हिटेलो यांना वर्षाला सुमारे ३० लाख डॉलरचा करार दिला. आजच्या दराने हे पंचवीस कोटी रुपयांच्या वर जातं. कॉलेजच्या कोचला! त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षा कसल्या असतात, हे वेगळं सांगायला नको.

पैसे आले, जागा गेल्या

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी 'हाऊस विरुद्ध एनसीएए' या खटल्यातली तडजोड मंजूर केली. कॉलेज खेळाडूंच्या जिवावर टीव्हीचे करार होतात, तिकिटं विकली जातात आणि खेळाडूंच्या हातात काही येत नाही, ही मूळ तक्रार. तडजोडीत दोन मोठ्या गोष्टी झाल्या. जुन्या खेळाडूंना १० वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई द्यायचं ठरलं. आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठासाठी ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे जवळपास १७५ कोटी रुपये.

इथवर बातमी खेळाडूंच्या बाजूची वाटते, आणि ती आहेही. पण याच कराराने आणखी एक बदल केला. आधी प्रत्येक खेळात स्कॉलरशिप किती द्यायच्या यावर मर्यादा होती. ती काढली आणि तिच्या जागी संघात एकूण खेळाडू किती, यावर मर्यादा आणली. अमेरिकन फुटबॉलसाठी १०५. बेसबॉलसाठी ३४.

बेसबॉलमध्ये त्याआधीची काही वर्षं ४० खेळाडू ठेवता येत होते. म्हणजे करारात सामील झालेल्या प्रत्येक संघात सहा जागा कमी. समजा असे १०० संघ धरले, तरी ६०० मुलांची जागा कागदावरच संपली. त्यांचा खेळ किती वाईट होता किंवा चांगला होता, हा प्रश्न यात आलाच नाही.

११.७ चं कोडं

जुनी पद्धत फार न्याय्य होती, असंही नाही. बेसबॉल संघाला एकूण ११.७ स्कॉलरशिप मिळायच्या. शून्य पूर्णांक सात दशांश मुलगा कुठून आणायचा, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. आधी १३ स्कॉलरशिप होत्या, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खर्च कमी करायला सगळीकडे १० टक्के कात्री लागली आणि ११.७ उरल्या. या स्कॉलरशिप तुकडे करून वाटल्या जात. ३० जणांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला ३९ टक्के. उरलेली फी घरून. परराज्यातून आलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठातही फी जास्त पडते, त्यामुळे बेसबॉल हळूहळू ऐपत असलेल्या घरांचा खेळ होत गेल्याची टीका जुनी आहे.

आता नियमाने ३४ च्या ३४ जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. देता येते, द्यावीच लागते असं नाही. पैशाचा मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिपपैकी २५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम त्या २ कोटी ५ लाखांच्या मर्यादेतच मोजली जाते. त्यामुळे बेसबॉलवर किती खर्च करायचा, हे विद्यापीठाच्या तिजोरीवर आणि हौसेवर ठरतं.

यातून जे ३४ मध्ये बसले, त्यांचं बरं झालं. पहिल्यांदाच बऱ्याच जणांना पूर्ण फी माफ होऊ शकते, वर हातात पैसे. फटका बसला तो शेवटच्या सहा जणांना. यातले बरेचसे 'वॉक-ऑन' असतात. त्यांना स्कॉलरशिप नसते, स्वतःच्या पैशाने शिकतात, सगळा सराव करतात आणि संधीची वाट बघतात. संघाला त्यांचा खर्च जवळपास नव्हता. तरीही आधी गेले तेच.

कोर्टाला हे दिसलं होतं

एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश विल्किन यांनी तडजोड लगेच मंजूर केली नव्हती. अडचण याच मुद्द्यावर होती. करार मंजूर होईल असं गृहीत धरून अनेक विद्यापीठांनी आधीच मुलांना काढायला सुरुवात केली होती आणि त्या मुलांनी कोर्टात आक्षेप नोंदवले होते. असलेल्या खेळाडूंना सांभाळून घ्या, नाहीतर मंजुरी नाही, अशी न्यायाधीशांची भूमिका होती.

मग वकिलांनी तोडगा काढला. या बदलामुळे ज्यांची जागा गेली किंवा जाणार होती, त्यांची एक खास यादी. यादीतला खेळाडू जुन्या संघात परतला किंवा दुसरीकडे गेला, तरी तो ३४ मध्ये मोजायचा नाही.

ऐकायला छान आहे. गोम एका शब्दात आहे. विद्यापीठ अशा खेळाडूला परत घेऊ 'शकतं'. घेतलंच पाहिजे, असं करारात नाही. शिवाय ही सवलत तेव्हाच्या मुलांपुरती आहे. पुढे येणाऱ्या तुकड्यांना ३४ म्हणजे ३४.

मग कोचला दोष का द्यायचा?

३४ हा आकडा कुठल्याही कोचने ठरवलेला नाही. त्यामुळे 'कोचने सहा पोरांचं करिअर संपवलं' ही पोस्ट अर्धवट खरी आहे. पण शरद ऋतूतल्या सरावाला किती मुलं बोलवायची, हे कोचच ठरवतो. संघाची संख्या ३४ वर आणायची मुदत पहिला सामना किंवा १ डिसेंबर, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे ऑगस्टमध्ये ४० मुलं कॅम्पसवर असली तरी नियम मोडत नाही. त्या मुलांची निवड-चाचणी कोचला फुकटात मिळते. तिची किंमत मुलं मोजतात.

कोच यावर जे सांगतात, त्यातही तथ्य आहे. मेजर लीगचा ड्राफ्ट जुलैमध्ये होतो. ज्याला तुम्ही ऑगस्टमध्ये यायला सांगितलंय, तो जुलैमध्ये व्यावसायिक करार करून निघून जाऊ शकतो. २०२१ पासून कॉलेज खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येऊ लागलं आणि २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा. त्यामुळे असलेले खेळाडूही उन्हाळ्यात 'ट्रान्सफर पोर्टल'मध्ये नाव घालून पसार होतात. पिचरचं कोपर गेलं तर शस्त्रक्रियेनंतर वर्ष-सव्वा वर्ष तो बाहेर. अशा वेळी दोन-चार मुलं जास्तीची घेतली, तर बिघडलं कुठे?

आपल्याकडच्या सीझनमधल्या ट्रॅव्हल्सच्या गाडीसारखं आहे हे. कुणीतरी रद्द करेलच, म्हणून सीटपेक्षा जास्त तिकिटं विकायची. सगळे आले की शेवटच्याला उतरवायचं. फरक इतकाच, की इथे उतरवला जाणारा १८ वर्षांचा असतो आणि पुढची गाडी बहुतेकदा निघून गेलेली असते.

कारण वेळापत्रक. बेसबॉलचं पोर्टल उन्हाळ्यात उघडतं. नोव्हेंबरमध्ये काढलेल्या मुलासाठी दुसरे संघ भरलेले असतात, सत्र अर्धं झालेलं असतं, फी भरलेली असते. शिवाय वर्षाच्या मध्यात एका चार वर्षांच्या विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या खेळाडूला त्या सीझनला सहसा खेळता येत नाही, असा बेसबॉलमधला जुना नियम आहे. म्हणून अशी बरीच मुलं जानेवारीत दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजची वाट धरतात. तिथून चमकून परत वर आलेलेही अनेक आहेत. पण शिक्षणाची घडी विस्कटते ती विस्कटतेच.

कोचवरच्या टीकेतला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. जूनमध्ये 'नाही' ऐकलेल्या मुलाकडे पर्याय असतात. नोव्हेंबरमध्ये ते जवळपास संपलेले असतात.

शाळेतून आलेल्या मुलांवरच गदा का?

कोचला १८ वर्षांचा होतकरू मुलगा हवा की २२ वर्षांचा तयार खेळाडू? नोकरी टिकवायची असेल तर उत्तर ठरलेलं आहे. लुईझियाना स्टेट विद्यापीठाने २०२३ मध्ये विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांचा हुकमी पिचर होता पॉल स्कीन्स. तो एअर फोर्स अकादमीतून बदलून आला होता आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. तेव्हापासून प्रत्येक मोठा संघ पोर्टलमध्ये स्वतःचा स्कीन्स शोधतोय.

दुसऱ्या टोकाने मेजर लीगनेही दार अरुंद केलंय. ड्राफ्टच्या आधी ४० फेऱ्या व्हायच्या, २०२१ पासून २० होतात. त्याच वर्षी मेजर लीगशी जोडलेले मायनर लीगचे संघ १६० वरून १२० वर आले. पूर्वी विसाव्या-तिसाव्या फेरीत निवडला जाऊन व्यावसायिक झाला असता, असा मुलगा आता कॉलेजमध्येच थांबतो. वरून खेळाडू खाली साचतात, खाली जागा कमी होतात, आणि मधे सापडतो तो शाळेतून नुकताच आलेला.

कोच मात्र कधीही निघू शकतात

चाहत्यांच्या रागाला आणखी एक धार आहे. २४ जून २०२४ ला टेक्सस ए अँड एमचा संघ ओमाहाच्या अंतिम सामन्यात टेनेसीकडून हरला. पत्रकार परिषदेत एका पत्रकाराने कोच जिम श्लॉसनेगल यांना दुसरीकडे जाण्याच्या चर्चेबद्दल विचारलं. ते भडकले, प्रश्नच अन्यायकारक आहे म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ते कट्टर प्रतिस्पर्धी टेक्सस विद्यापीठाचे कोच झाले. व्हिटेलो यांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये, शरद ऋतूतला सराव चालू असताना, टेनेसी सोडून सॅन फ्रान्सिस्को जायंट्स हा मेजर लीगचा संघ गाठला.

दोघांनीही नियम मोडला नाही. व्हिटेलो यांची उडी तर कौतुकाची, व्यावसायिक बेसबॉलचा काहीच अनुभव नसताना मिळालेली. पण ज्या मुलांनी विद्यापीठापेक्षा कोचकडे बघून प्रवेश घेतला, त्यांचं काय? 'निष्ठा' हा शब्द कोच मंडळी पोर्टलवर टीका करताना वापरतात, तेव्हा कमेंटमध्ये हीच दोन नावं येतात.

आणि एवढी काटछाट करून यश मिळतंच, असंही नाही. श्लॉसनेगल गेल्यावर टेक्सस ए अँड एमचे बरेच मोठे खेळाडू थांबले, २०२५ च्या सीझनआधी संघाला देशात पहिला क्रमांक दिला गेला, आणि शेवटी ३० विजय, २६ पराभव. ६४ संघांच्या बाद फेरीतही ते पोहोचले नाहीत.

आता पुढे काय?

प्रत्येक विद्यापीठ या करारात सामील झालेलं नाही. जी बाहेर राहिली, ती खेळाडूंना थेट पैसे देऊ शकत नाहीत, पण त्यांना ३४ ची मर्यादाही नाही. काढलेल्या मुलांपैकी काहींना जागा मिळते ती अशा लहान कार्यक्रमांमध्ये किंवा डिव्हिजन टू आणि थ्रीमध्ये.

भरतीच्या नियमातही एक कच्चा दुवा आहे. २०२३ च्या बदलानंतर अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत कोचला मुलाशी भरतीबद्दल बोलता येत नाही. आठवी-नववीतल्या मुलांकडून तोंडी होकार घेण्याची पद्धत त्यामुळे आटोक्यात आली. पण तोंडी होकार आजही दोन्ही बाजूंना बांधील नाही, आणि मुलाला व विद्यापीठाला बांधणारं जुनं पत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द केलं. आता उरतो तो आर्थिक मदतीचा करार. ज्याला मदतच मिळत नाही, त्या वॉक-ऑनच्या हातात कागदच नाही.

कॅम्पस बघायला जाणाऱ्या कुटुंबांसाठी म्हणूनच स्टेडियम किती मोठं आहे यापेक्षा दोन प्रश्न जास्त कामाचे आहेत. ऑगस्टमध्ये सरावाला एकूण किती मुलं असतील? आणि गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यातल्या किती जणांना काढलं?