औषध दुकाने : परवाना भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक बालके दगावली. तामिळनाडूत तयार झालेल्या या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे रसायन ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) लगोलग 'एसआर-१३' या बॅचची विक्री आणि वापर थांबविण्याचा इशारा दिला. महाराष्ट्राला हे विष नवे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्णांचा बळी घेतला होता आणि न्या. लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून एफडीएपर्यंत सर्वांवर कठोर ताशेरे ओढले होते.

मात्र अशा इशाऱ्याचा उपयोग किती, हे अखेर मंत्रालयात नव्हे, तर गावातल्या औषध दुकानात ठरते. मुंबई-गोवा महामार्गावरील कणकवली तालुक्यातल्या नांदगावसारख्या बाजारपेठेचे गाव डोळ्यांसमोर आणावे. आसपासच्या वाड्यांतील माणसे औषधासाठी अशाच ठिकाणी येतात. एखादी बॅच घातक ठरली, तर दुकानातील शिल्लक बाटल्या बाजूला काढता येतील. पण चार दिवसांपूर्वी विकलेली बाटली कोणत्या घरात गेली, हे सांगणार कोण?

याचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. औषधे नियम, १९४५ मधील ६५व्या नियमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिलेल्या औषधाची नोंद करताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि नोंदणीकृत फार्मासिस्टची सही असावी लागते. म्हणजे बिल हा केवळ पैशांचा हिशेब नाही. घातक औषध माघारी आणण्याचा तोच एकमेव धागा आहे. 'बिल कशाला, दोनच गोळ्या तर आहेत' असे म्हणणारा ग्राहक आणि ते आनंदाने ऐकणारा दुकानदार, दोघे मिळून हा धागा तोडतात. स्ट्रिप कापून दिली की अनेकदा मुदतीची तारीखही दुकानातच राहते.

बिलाहून मोठा प्रश्न सही करणाऱ्याचा आहे. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने घ्यायचे, ते भिंतीवर लावायचे आणि औषधे मात्र मदतनिसाने द्यायची, हा प्रकार राज्याला अपरिचित नाही. कोकणात त्याचा धोका पावसाळ्यात अधिक जाणवतो. भातलावणीच्या दिवसांत आलेला ताप लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो. अशा वेळी काउंटरवरून मिळालेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि निदान लांबवतात. डेंग्यूत त्याच गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. 'दोन दिवस ताप आहे? आधी रक्त तपासा' हे सांगणे फार्मासिस्टचे काम आहे. मदतनिसाकडून ती अपेक्षा धरता येत नाही. प्रतिजैविकांचेही तेच. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' परिशिष्टातील औषधांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. ही वही जागरूकपणे लिहिली जाते की तपासणीच्या आदल्या रात्री भरली जाते, यावर सारे अवलंबून आहे.

साठवणुकीचेही तसेच आहे. इन्शुलिनला दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमान लागते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळानंतर सिंधुदुर्गात अनेक ठिकाणी दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा काळात दुकानातील फ्रिजचे तापमान कोणी नोंदवत नसेल, तर निरुपयोगी झालेले इन्शुलिनही रुग्णाला पूर्ण किमतीला विकले जाऊ शकते.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. महेश झगडे एफडीए आयुक्त असताना फार्मासिस्टविना चालणाऱ्या दुकानांवर राज्यभर कारवाई झाली, तेव्हा संघटनांनी तीव्र विरोध केला आणि डिसेंबर २०१३ मध्ये तीन दिवस दुकाने बंद ठेवली. किंमत नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा धरला जातो. लहान गावातील उलाढालीत त्यातून भाडे, वीज आणि फार्मासिस्टचा पगार भागवणे कठीण आहे, हे खरे. शिकलेली मुले शेजारच्या गोव्यातील औषध कारखान्यांकडे वळतात, हेही खरे. तरीही परवाना घेताना स्वीकारलेली अट परवडत नाही म्हणून कागदावर पाळण्याची मुभा कोणालाच देता येणार नाही.

व्यवहार्य मार्ग आहेत. फार्मासिस्ट हजर असलेली वेळ दुकानाच्या दर्शनी भागात लावावी आणि इतर वेळी चिठ्ठीवरची औषधे देऊच नयेत. एफडीएने घातक बॅचचा इशारा जिल्ह्यातील प्रत्येक परवानाधारकाला थेट पाठवून त्याची पोच घ्यावी. आणि ग्राहकाने दोन गोळ्यांचेही बिल मागावे. नांदगावच्या रुग्णाला मुंबईच्या रुग्णाइतकेच सुरक्षित औषध मिळण्याचा हक्क आहे. तो दुर्घटनेनंतरच्या चौकशी आयोगातून नव्हे, तर रोजच्या काउंटरवर सिद्ध झाला पाहिजे.