वेळासचं बाळंतघर

मैत्रिणींनो, समुद्र म्हटला की भेळ आणि गर्दी आलीच! पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातला वेळासचा किनारा मुलांना एकदा दाखवाच. लांबलचक वाळू, सुरूचं बन, लाटांची गाज. इथं ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते नि समुद्रात परतते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, उजेडाच्या रोखानं पाण्याकडे धावतात. पूर्वी अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या साथीनं गावकरीच राखण करू लागले. तेव्हा रात्री किनाऱ्यावर बॅटरीचा झोत नको. पिल्लं वाट चुकतात. बाळंतिणीच्या खोलीत आपण झगझगीत दिवा लावतो का? इथला अंधारही तसाच जपायचा, बरं का!