घरचा उद्योग : कोब्यावरील लेप

मागाच्या शेडमधील सिमेंटच्या कोब्यावर टिकाऊ लेप बसवून घ्यावा कीं काय, आणि घ्यावा तर कोणता, अशी पृच्छा सोलापुराहून एका गृहस्थांनीं या सदराकडे केली आहे. पुढें राहतें घर, मागें पत्र्याची शेड, तींत वडिलांच्या वेळचे ८ यंत्रमाग आणि खालीं २५-३० वर्षांचा कोबा, असा त्यांचा प्रपंच आहे. सकाळीं झाडून काढलें तरी दुपारपर्यंत विणलेल्या पांढऱ्या टॉवेलांवर राखी पूड बसते. ती घरांतहि येते आणि मातोश्रींचा दमा बळावतो. एक ठेकेदार दोन दिवसांत आरशासारखी जमीन करून देतों म्हणतो; पण त्यानें सांगितलेली रक्कम मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेल्या पैशांतून काढावी लागेल. प्रश्न केवळ शोभेचा नाहीं, म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देणें भाग आहे.

ही पूड बहुतांशीं बाहेरून आलेली नसते. ती त्या कोब्याचीच असते. ओतलेल्या काँक्रीटमध्यें पाणी जरुरीपेक्षां अधिक झालें, म्हणजे तें हळूहळू वर येतें आणि येतांना सिमेंटचा व वाळूचा अगदीं बारीक अंश बरोबर आणतें. दूध तापल्यावर साय धरावी तसा हा थर पृष्ठभागावर धरतो. मात्र सायीचा कस त्यांत नसतो. त्यांतून गवंडी घाईचा असला, म्हणजे वर आलेलें पाणी सुकवण्यासाठीं कोरडें सिमेंट भुरभुरून लगेच घोटतो. त्या दिवशीं जमीन फार गुळगुळीत दिसते, आणि धुळीचा पाया तेथेंच घातला जातो. सोलापुरांत आणखी एक कारण आहे. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत ओतलेला कोबा निदान ७ दिवस सतत ओला ठेवला नाहीं, तर सिमेंट व पाणी यांची रासायनिक क्रिया अर्धवट राहते आणि वरचा थर कायमचा कच्चा राहतो.

म्हणून पैसे खर्चण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा करावी. एक मजबूत खिळा घेऊन कोब्यावर दाबून ओढावा. नुसता पांढरा ओरखडा उमटला तर जमीन सुधारण्याजोगी आहे. खिळा रुतून वाळूचे कण मोकळे होऊं लागले, तर त्यावर कोणताहि लेप देणें म्हणजे भुसभुशीत भिंतीवर चित्र काढण्यासारखें आहे. लेप उचलला जाईल आणि कोब्याची साल घेऊनच उचलला जाईल. तेवढा भाग खरवडून नवा थर देणें, किंवा चालण्याच्या वाटांवर शहाबादी फरशी बसवणें, हाच शहाणपणा. मागांच्या पायांखालीं मात्र फरशी नको. अहोरात्र हादरे बसून तिचे सांधे मोकळे होतात.

दुसरी परीक्षा ओलीची. सुमारें दीड फूट लांब-रुंद असा जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीनें पक्क्या बंद कराव्या आणि निदान १६ तास तसाच ठेवावा. उचलल्यावर खालच्या बाजूस दंव दिसलें, किंवा कोबा काळसर पडला, तर जमिनींतून ओल वर येत आहे असें समजावें. ही परीक्षा भर उन्हाळ्यांत करून निश्चिंत होऊं नये. पावसाळ्याच्या अखेरीस, जवळपास विहीर, मोरी किंवा गटार असेल त्या बाजूस, पुन्हा करावी. तिसरी परीक्षा तेलाची. पाण्याचे थेंब टाकून पाहावें. ते मुरले तर ठीक. कमळाच्या पानावरच्यासारखे गोळा होऊन राहिले, तर मागाचें तेल तेथें मुरलेलें आहे, आणि तें काढल्यावांचून वर कांहींहि धरणार नाहीं.

आतां लेपांविषयीं. ठेकेदार ज्या आरशाची गोष्ट करतो, तो इपॉक्सी नांवाच्या राळेचा. स्वित्झर्लंडमध्यें पिअर कास्तान यांनीं १९३० नंतरच्या दशकांत या राळेवर काम केलें. १९४६ पासून तीच ॲराल्डाईट या नांवानें बाजारांत आली. फुटलेली कपबशी सांधण्यासाठीं घरोघर दोन नळ्यांतील द्रव्यें मिसळतात, त्याच जातीचें हें द्रव्य. राळ एका डब्यांत, तिला घट्ट करणारें द्रव्य दुसऱ्या डब्यांत. दोन्ही मिसळलीं कीं क्रिया सुरू होते, ती थांबवतां येत नाहीं. नीट बसलेला हा लेप खरोखरच फार चिवट असतो. तेल, साबण, सौम्य आम्लें यांस तो दाद देत नाहीं, आणि त्याखालची धूळ अजिबात वर येत नाहीं. रंगशाळा, औषधांचे कारखाने, मोटारी दुरुस्त करण्याच्या शाळा येथें त्याला तोड नाहीं.

परंतु मागाच्या शेडमध्यें एक अडचण आहे, ती ठेकेदार सहसा सांगत नाहीं. सुती धागा कोरड्या हवेंत अधिक तुटतो. म्हणून उन्हाळ्यांत विणकर जमिनीवर पाणी शिंपडतात. कोबा तें पितो आणि हळूहळू हवेंत सोडतो. लेप दिलेली जमीन पाणी पीत नाहीं. तेंच पाणी वर साचून राहील, त्यांत तेलाचा थेंब पडेल, आणि धांवत्या मागांमधील अरुंद वाटेंत कामगाराचा पाय घसरेल. ओल्या थरावर गारगोटीची बारीक वाळू पेरून जमीन खरबरीत करतां येते, पण मग तिच्यांत तंतू अडकतात आणि झाडणारीचें काम दुप्पट होतें. शिवाय दारांतून ऊन येतें तेथें साधा इपॉक्सी पिवळा पडतो. आणि खालून ओल येत असेल तर त्याला फोड येतात. ज्यांना सुताच्या शेडमध्यें हाच लेप हवा, त्यांनीं आधीं हवा दमट ठेवण्याची दुसरी सोय करावी.

आमच्या या गृहस्थांना जें हवें तें याहून साधें आहे. सोडियम सिलिकेट किंवा लिथियम सिलिकेट यांचा पातळ द्रव कोब्यांत मुरवला, म्हणजे सिमेंटमधील मोकळ्या चुन्याशीं त्याचा संयोग होऊन बारीक छिद्रांत सिमेंटच्याच जातीचा कठीण पदार्थ तयार होतो. हा लेप नव्हेच. जमिनीवर पापुद्रा बसत नाहीं, म्हणून सोलण्याचा किंवा फोड येण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं. धूळ पुष्कळ कमी होते आणि खर्चहि बराच कमी येतो. आरशाची चकाकी येणार नाहीं, तेलाचे डाग पडतील आणि आम्लापासून संरक्षण मिळणार नाहीं, हें मात्र आधींच समजून घ्यावें. द्रव डब्यावरील सूचनेप्रमाणें दोन-तीन हातांनीं द्यावा, प्रत्येक हात वाळूं द्यावा आणि न मुरलेला द्रव पाण्यानें पुसून काढावा. नाहीं तर पांढरे चट्टे राहतात. खिडकीच्या कांचेवर उडालेला थेंब लगेच पुसावा, कारण त्याचा डाग जात नाहीं. डोळ्यांना तर जपलेंच पाहिजे.

दोहोंपैकीं कांहींहि केलें तरी जुनी साय आधीं निघाली पाहिजे. त्यासाठीं पुष्कळ जण कोब्यावर ॲसिड ओततात. तें शेडमध्यें करूं नये. मीठ-आम्लाच्या वाफेनें मागांचे लोखंडी भाग गंजतात आणि धुण्यांत राहिलेला अंश कोब्यांतच राहतो. घासयंत्र भाड्यानें आणून, धूळ ओढून घेणारें यंत्र जोडून, वरचा थर घासून काढावा. ही धूळ गारगोटीची असते व फुप्फुसांस घातक. घासणाऱ्यानें चांगला मुखवटा लावल्यावांचून काम करूं नये, आणि ते दोन दिवस मातोश्रींना दुसऱ्या नातलगांकडे ठेवावें.

इपॉक्सीच निवडला, तर वेळेचें गणित सांभाळावें. मिसळलेली राळ साधारण अर्ध्या तासांत घट्ट होऊं लागते. उष्मा वाढला कीं याहून लवकर. बादलींत साठवून ठेवली तर ती स्वतःच्याच उष्णतेनें तापते, म्हणून थोडी थोडी मिसळून लगेच पसरावी. सकाळीं ऊन चढत असतांना पहिला हात देऊं नये. कोबा तापूं लागला कीं त्याच्या छिद्रांतील हवा बाहेर पडते आणि लेपांत सुईएवढीं भोकें पडतात. जमीन निवूं लागली म्हणजे, दुपार कलल्यावर, आरंभ करावा. हातमोजे आवश्यक आहेत. राळेच्या जोडीचें द्रव्य वारंवार कातडीला लागलें तर कायमची खाज जडते.

घर आणि शेड एकाच छपराखालीं असलेल्यांनीं आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करूं नये. १८ मे २०२५ रोजीं सोलापुरांत अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींतील एका टॉवेल कारखान्यास लागलेल्या आगींत ८ जण दगावले. त्याच आवारांत राहणारीं माणसें त्यांत होतीं. त्या दुर्घटनेचा लेपाशीं संबंध जोडण्याचा हेतु नाहीं. परंतु ज्या लेपांत पातळ करणारें ज्वालाग्राही द्रव्य असतें, तें सुताच्या ढिगांजवळ उघडें करणें हा धोकाच आहे. असें द्रव्य नसलेला प्रकार मागून घ्यावा, सूत आधीं बाहेर न्यावें, दारें उघडीं ठेवावीं, आणि स्वयंपाकघराची शेगडी व देवापुढील समई त्या दिवशीं बंद ठेवावी. लेप झाल्यावर दुसऱ्या दिवशीं त्यावर चालतां येतें. माग परत बसवण्यास मात्र पुरता एक आठवडा थांबावें. मागांचें काम तितके दिवस बंद राहणार, हें मजुरीच्या हिशेबांत आधींच धरावें. सिलिकेट असेल तर अर्धे माग चालू ठेवून शेडचा एकेक भाग उरकतां येतो.